जुन्या गाडीला अल्टरनेटर बसवताना: निवड, वायरिंग आणि तपासणी

रात्री हेडलाइट, वायपर आणि हीटरचा पंखा एकदम लावला की दिवे पिवळे पडतात. सिग्नलला थांबलं की इंडिकेटर हळू चालतो आणि सकाळी सेल्फ मारायला गेलं तर बॅटरी उतरलेली असते. जुनी गाडी रोज वापरणाऱ्याला हे सगळं ओळखीचं असेल. यावर 'अल्टरनेटर (इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणारा नग) टाक' हा सल्ला लगेच मिळतो आणि तो बहुतेक वेळा बरोबरही असतो. पण कुठला टाकायचा, त्याच्या तीन वायरी नेमक्या कुठे जोडायच्या आणि जुन्या कटआउटचं, म्हणजे जुन्या चार्जिंगवर ताबा ठेवणाऱ्या डब्याचं काय करायचं, हे सांगणारा माणूस सहज भेटत नाही. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे. माझ्या अनुभवात बसवलेला अल्टरनेटर स्वतः क्वचितच दगा देतो. दगा देतात त्याच्या भोवतीच्या वायरी, बेल्ट, अर्थिंग आणि डॅशबोर्डवरचा तो छोटा लाल दिवा. त्यामुळे अँपिअरचा आकडा पाहून खरेदी करण्याआधी निदान पहिले पाच मुद्दे वाचा.

१. तुमच्या गाडीत आत्ता काय आहे ते ओळखा

बॉनेट उघडा. इंजिनाच्या बाजूला लांबट, सिलिंडरसारखा, बंद कवचाचा नग असेल तर तो डायनामो, म्हणजे वीज तयार करणारा जुन्या पद्धतीचा नग. आखूड, जाड, ॲल्युमिनियमच्या कवचाचा, हवेसाठी खिडक्या असलेला नग असेल तर तो अल्टरनेटर. क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंटवर अल्टरनेटर नेहमीचा भाग म्हणून दिला आणि पुढच्या काही वर्षांत बाकीचे कारखाने तिकडे वळले. जॅग्वार ई-टाइपला तो १९६४ मध्ये ४.२ लिटरच्या इंजिनाबरोबर मिळाला, एमजीबीला १९६७ च्या शेवटी. तुमची गाडी याच काळातली असेल तर तिच्यात दोन्हींपैकी काहीही असू शकतं, त्यामुळे पुस्तकावर विसंबू नका, डोळ्यांनी पाहा.

हा फरक कळला की पुढचं सगळं सोपं जातं. डायनामोत सगळा मोठा प्रवाह फिरत्या आर्मेचरमधून, कम्युटेटर आणि कार्बन ब्रशवरून बाहेर येतो. म्हणून तो फार वेगात फिरवता येत नाही. त्याची पुली मोठी ठेवतात आणि त्यामुळेच आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन संथ चालू) तो जवळजवळ काहीच देत नाही. लुकास कंपनीचा सी-४० हा ब्रिटिश गाड्यांतला अगदी नेहमीचा डायनामो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो. अल्टरनेटरमध्ये मोठा प्रवाह तयार होतो तो स्थिर असलेल्या स्टेटरच्या वेटोळ्यांत. फिरत्या रोटरला स्लिप रिंगवरून लागतो फक्त २ ते ५ अँपिअरचा फील्ड करंट, म्हणजे रोटरला चुंबक बनवणारा प्रवाह. म्हणून तो वेगात फिरू शकतो, पुली लहान चालते आणि गाडी उभी असतानाही चार्जिंग मिळतं.

डायनामोबरोबर बल्कहेडवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) किंवा आतल्या पॅनलवर कंट्रोल बॉक्स असतो, ज्याला बहुतेक मेकॅनिक कटआउट म्हणतात. त्यावरची अक्षरं कागदावर उतरवून घ्या आणि मोबाइलने फोटो काढा. लुकासच्या आरबी-१०६ वर ए, ए-वन, डी, एफ, ई अशी टर्मिनल असतात, आरबी-३४० वर बी, डब्ल्यूएल, डी, एफ, ई. हे फोटो पुढे सातव्या पायरीत लागणार आहेत.

गाडी ६ व्होल्टची असेल तर हे वेगळंच काम आहे. तिथे बल्ब, कॉइल, गेज, हॉर्न सगळंच बदलावं लागतं. पुढचा सगळा मजकूर १२ व्होल्टच्या गाडीसाठी आहे.

२. बदलायची खरंच गरज आहे का ते तपासा

हे अल्टरनेटर आधीच असलेल्या गाडीसाठी. मल्टिमीटर घ्या. गाडी काही तास बंद असताना चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर १३.८ ते १४.५. आता इंजिन त्याच वेगावर ठेवून मीटरची लाल पिन अल्टरनेटरच्या मागच्या जाड स्टडवर ठेवा, काळी पिन त्याच्या कवचावर.

एका सेडानवर मी हे केलं तेव्हा अल्टरनेटरपाशी १४.२ होते आणि बॅटरीवर १३.१. नवा अल्टरनेटर खोक्यात तयार होता, पण जुना अजिबात बिघडलेला नव्हता. १.१ व्होल्ट वाटेत जात होते. ब्रॅकेट नुकताच जाड काळ्या रंगाने रंगवला होता आणि बोल्टखाली त्या रंगाचा थर तसाच होता. दुसऱ्या टोकाला इंजिन ते बॉडी ही अर्थिंगची पट्टी हिरवी पडून अर्धी तुटली होती. रंग पॉलिश पेपरने घासून धातू उघडा केला, पट्टी नवी टाकली आणि बॅटरीवर १४.१ आले. खोकं परत गेलं. म्हणून आधी मोजा, मग पैसे काढा.

३. अर्थ कुठल्या बाजूला आहे?

बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो, म्हणजे पॉझिटिव्ह अर्थ. जवळजवळ सगळे अल्टरनेटर निगेटिव्ह अर्थचे असतात. उलट बॅटरी जोडली तर आतले डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) क्षणात जातात, तिथे दुसरी संधी नाही.

पॉझिटिव्ह अर्थचे अल्टरनेटर मिळतात. डायनामोच्या आकाराच्या कवचात बसवलेलेही मिळतात आणि बॉनेटखालचं मूळ रूप जपायचं असेल तर ते उत्तम. पण गाडी रोज चालवायची असेल तर गाडीच निगेटिव्ह अर्थ करून घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. रेडिओ, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, चार्जिंग सॉकेट, सगळं सोपं होतं. त्यासाठी हे पाहावं लागतं:

बॅटरी फिरवून बसवायची आणि क्लॅम्प बदलायचे, कारण प्लसचा खांब मायनसपेक्षा जाड असतो. जुना क्लॅम्प ठोकून बसवू नका. इग्निशन कॉइलच्या दोन बारीक वायरी अदलाबदल करायच्या. अँमीटरच्याही तशाच. हीटरची मोटर कायम चुंबकाची असेल तर उलटी फिरेल, तिच्या वायरी बदला. वेटोळ्यांच्या फील्डच्या मोटरला फरक पडत नाही. इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा मीटर) मात्र तसाच ठेवून चालत नाही, तो आतून बदलून घ्यावा लागतो. इलेक्ट्रिक फ्युएल पंपात डायोड असेल तर त्याला दिशा असते, बॅटरी उलटवण्याआधी तो पाहा. जुना रेडिओ काढून ठेवा.

साधे बल्ब, हॉर्न आणि सेल्फला काही करावं लागत नाही.

४. किती अँपिअरचा घ्यायचा: लोडचा हिशेब

'जितका मोठा तितका बरा' हे इथे चालत नाही. १०० अँपिअर १४ व्होल्टने म्हणजे १४०० वॅट. अल्टरनेटरची कार्यक्षमता ५५ ते ६० टक्क्यांच्या घरात धरली तर पूर्ण लोडवर बेल्टला जवळपास सव्वातीन हॉर्सपॉवर ओढावे लागतात. १० मिमीचा एकच व्ही-बेल्ट, जो वॉटर पंपही फिरवतो, साधारण ६५ ते ७० अँपिअरच्या पुढे घसरायला लागतो. बेल्ट किंचाळतो, झिजतो आणि त्याच्या बरोबर इंजिनही तापतं.

कागद घ्या आणि एकाच वेळी सतत चालणाऱ्या गोष्टींचे वॅट लिहा. एका नेहमीच्या गाडीचा हिशेब असा निघतो:

हेडलाइट दोन, ५५ वॅटचे: ११०
टेल, पार्किंग, नंबर प्लेट आणि मीटरचे दिवे: ३०
इग्निशन: ४०
वायपर: ५०
हीटरचा पंखा: ७०
रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा, बसवला असेल तर: १५०

एकूण ४५० वॅट. १३.५ ने भागा, साधारण ३३ अँपिअर. बॅटरी भरायला १० धरा. झाले ४३. वर पाव हिस्सा राखीव ठेवा, म्हणजे ५५ च्या आसपास. ब्रेक लाइट, इंडिकेटर, हॉर्न हे थोडा वेळ चालतात, ते या राखीव भागात बसतात. इलेक्ट्रिक पंखा नसेल तर ४५ अँपिअर पुरतात.

एक गोष्ट विसरू नका: कवचावर छापलेला आकडा अल्टरनेटर वेगात फिरत असतानाचा असतो. आयडलिंगला त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी मिळतात. त्यामुळे गर्दीतून चालणाऱ्या गाडीसाठी मोठा आकडा शोधण्यापेक्षा पुलीचं गुणोत्तर नीट बसवणं जास्त उपयोगाचं.

लुकासच्या एसीआर मालिकेत १६ एसीआर ३४ अँपिअरचा, १७ एसीआर ३६ चा आणि १८ एसीआर त्याहून थोडा मोठा. हे तिन्ही बाहेरून जवळजवळ सारखे दिसतात, म्हणून अशा गाडीत मोठा बदल न करता एक पायरी वर जाता येतं.

५. जागेवर बसेल का, आणि किती वेगात फिरेल

विकत घेण्याआधी व्हर्निअर किंवा साधी पट्टी घेऊन पाच मापं घ्या: खालच्या कानांमधलं अंतर, बोल्टचा व्यास, वरच्या ॲडजस्टरच्या कानाची जागा, कवचाचा व्यास आणि पुलीच्या खाचेपासून पुढच्या कानापर्यंतचं अंतर. शेवटचं माप सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्यावर बेल्ट सरळ रेषेत येणार की नाही हे ठरतं. क्रँक पुली (इंजिनाच्या मुख्य शाफ्टवरची) आणि अल्टरनेटर पुलीवर सरळ पट्टी धरली तर १ ते २ मिमीपेक्षा जास्त फरक नको. कमी पडत असेल तर वॉशर किंवा बुशने भरा. पण मागच्या कानात फट राहिली असताना बोल्ट आवळू नका, ॲल्युमिनियमचा कान तिथेच तडकतो.

एक्झॉस्टच्या किती जवळ येतो तेही पाहा. डायोडला उष्णता सोसत नाही. जवळ असेल तर मध्ये पत्र्याची आडोशाची पट्टी लावा.

काही अल्टरनेटरचे बाहेर आलेले टर्मिनल नेमके चॅसिसला घासतात. बऱ्याच नगांत मागचं कवच चार लांब बोल्ट सैल करून फिरवता येतं. हे करताना दोन्ही अर्धी कवचं एकमेकांपासून ओढू नका, आतले ब्रश सुटून बाहेर येतात.

आता पुली. क्रँक पुलीचा व्यास भागिले अल्टरनेटर पुलीचा व्यास, हे गुणोत्तर. क्रँकची १५० मिमी आणि अल्टरनेटरची ६० मिमी असेल तर २.५. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर आयडल असेल तर अल्टरनेटर २००० वर फिरतो, चार्जिंग मिळतं. इंजिन ६००० ला गेलं तर तो १५००० ला. आधुनिक नगाला हे चालतं, जुन्या बनावटीच्या नगाची कमाल मर्यादा त्याहून कमी असू शकते, ती विचारून घ्या. शांतपणे चालवायच्या गाडीला २ ते २.५ हे गुणोत्तर चांगलं. डायनामोची मोठी पुली काढून अल्टरनेटरवर बसवण्याचा मोह टाळा. आयडलिंगला दिवे पुन्हा पिवळे पडतील आणि सगळा खटाटोप वाया जाईल.

बेल्टची रुंदी दोन्ही पुल्यांना जुळली पाहिजे. व्ही-बेल्ट पुलीच्या दोन्ही भिंतींवर टेकून चालतो, त्याचा तळ खाचेच्या बुडाला लागत असेल तर तो घसरणारच. पंख्याची पाती एका बाजूला वळलेली असतील तर फिरण्याची दिशाही पाहा. उलट दिशेने फिरला तरी वीज तयार होते, पण हवा नीट जात नाही आणि नग भाजतो.

काही डायनामोंच्या मागच्या टोकाला टॅकोमीटरची केबल किंवा पॉवर स्टिअरिंगचा पंप जोडलेला असतो. तुमच्याकडे तसं असेल तर ते काम कुठे हलवायचं हे आधी ठरवा.

६. टर्मिनल वाचायला शिका

नावं वेगळी, कामं तीनच. बॅटरीला जाणारा जाड स्टड, डॅशबोर्डच्या दिव्याचं बारीक टर्मिनल आणि काही नगांत व्होल्टेज पाहण्याचं तिसरं टर्मिनल.

बॉश पद्धतीत जाड स्टड म्हणजे बी प्लस, दिवा डी प्लसवर. डब्ल्यू असं टर्मिनल दिसलं तर ते टॅकोमीटरसाठी असतं, मोकळं सोडा. लुकास एसीआरमध्ये मोठी पाती ही आउटपुटची आणि लहान पातं आयएनडी, म्हणजे दिव्याचं. डेल्कोच्या १० एसआयवर जाड स्टडशिवाय १ आणि २ अशी दोन पाती असतात: १ वर दिवा, २ वर व्होल्टेज पाहण्याची वायर. डेन्सोच्या तीन पिनांच्या प्लगमध्ये एल म्हणजे दिवा, आयजी म्हणजे चावीनंतरचा सप्लाय आणि एस म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज.

ही व्होल्टेज पाहण्याची वायर मोकळी सोडायची नाही. रेग्युलेटरला (व्होल्टेज ताब्यात ठेवणाऱ्या भागाला) बॅटरी दिसलीच नाही तर तो एकतर चार्ज करणार नाही किंवा बेफाम करेल. ती बॅटरीच्या प्लसला किंवा गाडीच्या मुख्य जोडाला, लहान फ्यूज घालून न्या.

'एका वायरचा' अल्टरनेटर मिळतो, तो स्वतःच जागा होतो. दिसायला सुटसुटीत. पण इंजिनाला एकदा बरीच रेस दिल्याशिवाय तो चार्जिंग सुरू करत नाही आणि बहुतेकांत डॅशबोर्डचा दिवाही चालत नाही. बेल्ट तुटला तर कळणार कसं? माझी पसंती दिव्याच्या वायरवाल्यालाच आहे.

नव्या गाड्यांचे, कॉम्प्युटरने चालणारे अल्टरनेटर स्वस्तात दिसले तरी घेऊ नका. त्यांच्यातल्या बऱ्याच नगांच्या प्लगवर दिव्याचं साधं टर्मिनलच नसतं, ते आज्ञेची वाट पाहतात आणि आज्ञा देणारं यंत्र तुमच्या गाडीत नाही. घ्यायचाच तर आत रेग्युलेटर असलेला, साधा, ज्याचे ब्रश आणि बेअरिंग सहज मिळतात असा घ्या.

वापरलेला घेत असाल तर हाताने फिरवून पाहा, खरखर नको. दोन स्लिप रिंगमध्ये मीटरने साधारण २.५ ते ५ ओहम यावेत. रिंग आणि शाफ्ट यांच्यात जोड दिसता कामा नये. ब्रश ५ मिमीपेक्षा आखूड असतील तर बदलायला झाले.

७. सामान आणि वायरिंग

जवळ ठेवा: मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, चांगलं क्रिंपिंगचं अवजार, तांब्याचे थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायची कडी), हीट श्रिंक स्लीव्ह, पॉलिश पेपर, पाने, गाडीचा वायरिंग डायग्राम, आणि मुख्य वायरीसाठी बोल्टने आवळायचा मोठा फ्यूज त्याच्या होल्डरसह.

मुख्य वायर दीड मीटरपर्यंतची असेल तर हे माप मी वापरतो:

४५ अँपिअरचा अल्टरनेटर: १० चौरस मिमी वायर, ६० अँपिअरचा फ्यूज
६५ अँपिअर: १६ चौरस मिमी, ८० चा फ्यूज
१०० अँपिअर: २५ चौरस मिमी, १२५ चा फ्यूज

फ्यूज नेहमी वायरीपेक्षा दुबळा हवा आणि तो बॅटरीच्या टोकाजवळ बसवायचा. वायर घासून बॉडीला लागली तर आग लावणारा प्रवाह बॅटरीकडून येतो, अल्टरनेटरकडून नाही. घरगुती वायरिंगची एकाच जाड तारेची वायर वापरू नका, कंपनाने ती आतून तुटते. बारीक तारांची, गाडीसाठीची वायर घ्या.

आता काम. बॅटरीचं जे टोक बॉडीला जोडलेलं आहे ते आधी काढा. असं केलं की पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही.

मुख्य वायर: अल्टरनेटरच्या जाड स्टडपासून फ्यूजमधून सेल्फच्या सोलेनॉइडच्या (सेल्फला प्रवाह जोडणाऱ्या स्विचच्या) त्या बोल्टवर, जिथे बॅटरीची जाड केबल येते. डायनामोची जुनी जाड वायर यासाठी वापरू नका, ती २२ अँपिअरच्या हिशेबाने घातलेली आहे.

कटआउटच्या वायरी: आरबी-१०६ असेल तर ए आणि ए-वनवरच्या वायरी एकत्र जोडा, नाहीतर दिवे आणि इग्निशनला सप्लायच जाणार नाही. डीवर दोन वायरी असतात, डायनामोकडून आलेली जाड आणि डॅशबोर्डच्या दिव्याकडून आलेली बारीक. त्या दोघी एकमेकींना जोडा. आता ती जाड वायर इंजिनाकडच्या टोकाला दिव्याची वायर झाली, ती अल्टरनेटरच्या डी प्लस, आयएनडी किंवा एलवर जाते. एफची वायर दोन्ही टोकांना इन्सुलेट करून बांधून ठेवा. ईचीही तशीच. आरबी-३४० वर सगळ्या बीच्या वायरी एकत्र आणि डी व डब्ल्यूएलच्या वायरी एकत्र, बाकी तसंच. हे जोड पिळून टेप गुंडाळण्याचे नाहीत. क्रिंप करा, वर स्लीव्ह बसवा.

बॉनेटखालचं मूळ रूप ठेवायचं असेल तर कटआउटचं झाकण काढून आतले भाग मोकळे करा आणि हेच जोड त्याच्या टर्मिनलच्या आत करून घ्या. बाहेरून कुणाला काही कळत नाही. आतलं काहीही चालू अवस्थेत ठेवू नका.

अल्टरनेटरच्या कवचापासून इंजिन ब्लॉकपर्यंत वेगळी अर्थिंगची वायर टाका, जाडी मुख्य वायरीइतकीच. आणि इंजिन ते बॉडीची पट्टी जुनी असेल तर ती आत्ताच बदला.

अँमीटरबद्दल सावध राहा. जुना ३० अँपिअरचा अँमीटर गाडीच्या सगळ्या प्रवाहाच्या वाटेत असतो. मोठा अल्टरनेटर त्यातून चार्ज करू लागला तर त्याच्या मागचे बोल्ट डॅशबोर्डच्या आत तापतात. वर सांगितल्याप्रमाणे मुख्य वायर थेट सोलेनॉइडला नेली की चार्जिंगचा प्रवाह त्यातून जात नाही. मग काटा गाडी चालू असतानाही 'डिसचार्ज' बाजूला दिसेल. तो फक्त लोड दाखवतो आहे, घाबरू नका. त्याच्या जागी व्होल्टमीटर लावला तर खरी माहिती मिळते.

८. तो छोटा लाल दिवा

चावी फिरवल्यावर लागणारा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझणारा हा दिवा फक्त इशाऱ्यासाठी नाही. त्याच्यातून जाणारा थोडासा प्रवाह रोटरला पहिलं चुंबकत्व देतो. बल्ब उडाला असेल तर कित्येक अल्टरनेटर जागेच होत नाहीत, आणि माणूस नग बदलत बसतो. बल्ब २.२ वॅटचा असावा. एलईडी लावला तर तेवढा प्रवाह जात नाही. लावायचाच असेल तर त्याच्या समांतर ६८ ओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टर जोडा, हिशेब जवळजवळ त्या बल्बचाच होतो.

चावी बंद केल्यावरही इंजिन चालूच राहिलं तर दिव्याच्या वायरीतून प्रवाह उलटा इग्निशनला जातो आहे. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत हे जास्त दिसतं. त्या वायरीत ३ अँपिअरचा डायोड घाला, पट्टीची बाजू अल्टरनेटरकडे.

९. पहिल्यांदा सुरू करताना

बॅटरी आधी बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरा. उतरलेली बॅटरी भरण्याचं काम नव्या अल्टरनेटरवर टाकलं तर तो तासभर पूर्ण लोडवर तापतो. डायनामोला बसवल्यावर फ्लॅश देतात, म्हणजे बॅटरीची वायर क्षणभर टेकवून चुंबकत्व जागवतात, तसं इथे अजिबात करायचं नाही, डायोड जातील.

बेल्ट ताणताना पहार लावायची तर पुलीकडच्या कवचाला लावा, मागच्या कवचाला कधीही नाही. सगळ्यात लांब भागावर अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट १० ते १२ मिमी लवला पाहिजे.

बॅटरीचे क्लॅम्प पुन्हा एकदा पाहा, प्लस कुठे, मायनस कुठे. मग अर्थचं टोक शेवटी जोडा. चावी फिरवा, दिवा लागला पाहिजे. इंजिन सुरू करा, थोडी रेस द्या, दिवा विझला पाहिजे. बॅटरीवर १३.८ ते १४.५. इंजिन १५०० ते २००० वर ठेवून हेडलाइट, वायपर, पंखा सगळं लावा, १३.५ च्या खाली यायला नको. १५ च्या वर गेलं तर लगेच बंद करा, रेग्युलेटर किंवा व्होल्टेज पाहण्याची वायर तपासा. नग तापल्यावर व्होल्टेज थोडं खाली येतं, ते ठरवूनच केलेलं असतं.

आता सगळा लोड चालू ठेवूनच दोन मोजमापं घ्या. अल्टरनेटरच्या जाड स्टडपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत ०.३ व्होल्टपेक्षा कमी. अल्टरनेटरच्या कवचापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.२ पेक्षा कमी. जास्त आलं तर जोड-जोड पुढे सरकत मोजा, दोषी जोड स्वतःच सापडतो.

मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर एखादा डायोड गेलेला आहे.

शेवटी इंजिन आणि सगळं बंद करून बॅटरीच्या अर्थच्या टोकाला मीटर मालिकेत लावा. घड्याळ सोडलं तर जुन्या गाडीत काही चालू नसतं, त्यामुळे ५० मिलिअँपिअरच्या वर काही दिसता कामा नये. दिसलं आणि अल्टरनेटरची मुख्य वायर काढल्यावर थांबलं, तर डायोड गळतो आहे. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका.

१०. काही गोष्टी ज्या कधीच करायच्या नाहीत

इंजिन चालू असताना 'अल्टरनेटर चालतो का' हे बघायला बॅटरीची केबल काढतात. डायनामोच्या काळातली ही सवय आहे. अल्टरनेटरवर लोड एकदम सुटला की व्होल्टेज क्षणभर कितीतरी वर उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर, रेडिओ सगळं एकत्र जाऊ शकतं. कुणी मेकॅनिक तसं करायला लागला तर त्याचा हात धरा.

गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही सोडवा. दुसऱ्या गाडीवरून जंप देताना केबलची बाजू दोनदा पाहा. मुख्य वायर क्लिप न लावता मोकळी लोंबकळत ठेवू नका, एक्झॉस्ट आणि बेल्टपासून दूर बांधून घ्या आणि पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला.

नवा बेल्ट पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये ताणला जातो, तेव्हा पुन्हा आवळा. त्याच वेळी स्टडवरचे आणि खालच्या मोठ्या बोल्टचे नट एकदा पान्याने तपासा. डिकीत एक जादा बेल्ट, मुख्य फ्यूज आणि २.२ वॅटचा एक बल्ब ठेवा, आणि बदललेल्या वायरिंगची हाताने काढलेली आकृती गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवून द्या. पुढे कुणीही गाडी उघडली तरी त्याला ए आणि ए-वन का जोडलेत हे शोधत बसावं लागणार नाही.